‘स्थानिकांच्या मदतीने’

पोस्ट लांब झालीय, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेली वीस-बावीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. डोंगरातल्या अपघाताची बातमी मला झोपेतून उठवलं तरी लिहिता येते. पहिल्या ओळीत पुण्या-मुंबईचे किती तरुण. दुसरीत कुठल्या कड्यावर, कुठल्या नाळेत अडकले. मग ‘थरार’ हा शब्द. मग तहसीलदार, पोलीस निरीक्षक, वनक्षेत्रपाल, सगळे हुद्द्यासकट, एकाचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. आणि शेवटच्या ओळीत, जागा उरली तर: ‘स्थानिकांच्या मदतीने त्यांना सुखरूप खाली आणण्यात आले.’

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः त्या शेवटच्या ओळीत जाऊन आलो. म्हणून हे लिहितोय.

झालं असं. शाळेपासूनचा एक मित्र आहे, पतसंस्थेत मॅनेजर. दोघांची पंचेचाळिशी आली, दोघांची पोटं सुटली. दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही रतनगड ते हरिश्चंद्रगड चालत गेलो होतो, कात्राबाईच्या खिंडीतून. तेव्हा घरून चादरी आणि चटणी-भाकरी घेऊन गेलेलो. ते पुन्हा करायचं, असं गेली दहा वर्षं नुसतं बोलत होतो. यंदा निघालो. शुक्रवार ते रविवार. तंबू त्याच्या मुलाचा, स्टोव्ह माझ्या मेव्हण्याचा.

चूक पहिल्याच दिवशी झाली आणि ती माझी. सकाळी एक बातमी पाठवायची राहिली होती. ती पाठवून, रतनवाडीला पोचून, अमृतेश्वराच्या देवळात टेकून प्रत्यक्ष चालायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. डिसेंबरात सहाला सूर्य जातो आणि वाट सहज पाच-सहा तासांची. मित्र म्हणाला, ‘ए पत्रकारा, तुझ्या बातमीवाचून कुणाचं अडलं होतं का?’ त्याला उत्तर नव्हतं.

खिंडीपर्यंत जंगल दाट आहे. दुपारीसुद्धा सावलीत गार लागतं, पाचोळ्यावर पाय घसरतो. आमचा दम दर पंधरा मिनिटांनी संपत होता. खिंडीत कात्राबाईच्या ठाण्यापाशी पोचलो तेव्हा पावणेपाच. पलीकडे आजोबाचा डोंगर, दूर हरिश्चंद्रगड, खाली मुळेचं खोरं. तिथं पंधरा मिनिटं बसलो. बसायला नको होतं, पण त्या वयात पाहिलेलं पुन्हा दिसल्यावर उठवत नाही माणसाला.

खाली कुमशेत. तिथं तंबू टाकायचा बेत होता. उतरताना मित्राने मोबाईलवरचा नकाशा काढला. कुणीतरी चढवलेली एक वाट त्यात दिसत होती, आमच्या वाटेपेक्षा सरळ. अंधार पडायच्या आत पोचू म्हणून ती धरली. ती गुरांची वाट निघाली. गुरांची वाट गवताकडे जाते, गावाकडे नाही, हे पंचेचाळीस वर्षं खेड्यापाड्यांत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. अर्ध्या तासात आम्ही एका कोरड्या ओढ्यात होतो आणि ओढा पुढे सरळ खाली तुटत होता. मागे फिरताना मित्राचा पाय दगडांच्या फटीत गेला. कट्ट असा आवाज मला दोन हातांवरून ऐकू आला.

साडेसहा. काळोख. दोन माणसांत एक बॅटरी, दुसरीचे सेल घरी टेबलावर. मोबाईलला रेंज नाही. मी ओरडलो, मग दोघं ओरडलो. ओरडून घसा बसला की मग भीती वाटायला लागते, आधी वाटत नाही. मित्र विनोद करत होता, मग त्याने विनोद करणं थांबवलं.

सव्वा तासाने वरून पाला वाजला. एक पन्नाशी उलटलेला माणूस आणि त्याचा विशी-बाविशीतला पुतण्या. हातात एक बॅटरी, कोयता, खांद्यावर विहिरीचा नायलॉनचा दोर.

‘घरून बत्ती हालताना दिसली. तिकडं वाट नाय. म्हनलं कुनीतरी फसलंय.’

एवढंच बोलला. शिव्या नाहीत, उपदेश नाही, कुठून आलात नाही. मित्राच्या पायाला हात लावून पाहिला, माझ्या पंच्याने करकचून बांधला. एका अवघड टप्प्यावर दोर एका झाडाला वळसा घालून मित्राला अक्षरशः कुल्ल्यावर बसवून सोडलं. पुढे पुतण्याने पाठीवर घेतलं. पतसंस्थेचा मॅनेजर, ऐंशी किलो. वाडीत पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. घरात निजानीज झालेली, पण त्यांच्या मंडळींनी चूल पेटवली. नागलीची भाकरी, तांबड्या मिरचीची चटणी, भात, वरण. मी आयुष्यात बऱ्याच लग्नांत जेवलोय, सहकारमहर्षींच्या पोरांच्यासुद्धा. हे जेवण वेगळं होतं.

सकाळी पैसे द्यायला गेलो. त्यांनी दोघांच्या जेवणाचे घेतले. मी वरच्या नोटा पुढे केल्या तर हात मागे. ‘जेवनाचं घेतो. त्याचं नाय घेत.’

आता मुद्द्यावर येतो.

अंगणात चहा पिताना मी सवयीने विचारायला लागलो. आजवर किती जणांना असं आणलंत? त्यांनी आकडा सांगितला नाही. ते आवणीच्या, कापणीच्या, लग्नांच्या हिशोबाने सांगत गेले. एकदा आवणी चालू असताना, चिखलातले पाय धुवून तसेच. एकदा भावाच्या पोरीच्या हळदीच्या रात्री. एकदा पावसात, कॉलेजची पोरं, त्यांतली एक मुलगी रडायची थांबेना म्हणून तिला भुताच्या गोष्टी सांगितल्या, तर ती हसायला लागली. आणि एकदा मेलेला. तो दोन दिवसांनी सापडला. वर आणायला पाच माणसं लागली, झोळी घरातल्या गोधडीची केली. ती गोधडी परत आली नाही. ‘तीन दिस जेवान गेलं नाय.’ त्यानंतर पोलीस ठाण्यातून दोनदा बोलावणं आलं, पंचनाम्यावर सह्या आणि जबाब. दोन्ही वेळा एस.टी.चं भाडं खिशातून, मजुरी बुडाली. एकदा तर साहेब नव्हते म्हणून दिवसभर बाकड्यावर बसून परत.

ती बातमी मीच लिहिली होती.

परत आल्यावर मी माझी कात्रणं काढली. डोंगरातल्या सुटकेच्या, मृतदेह काढल्याच्या माझ्या नावच्या अकरा बातम्या सापडल्या. अकरापैकी एकीत गावकऱ्याचं नाव आहे, तेही चुकीचं छापलेलं. बाकी दहांत ‘स्थानिकांच्या मदतीने’. त्या गोधडीच्या बातमीत तर मी ‘प्रशासनाच्या अथक प्रयत्नांनी’ असंही लिहिलंय. हे कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. बातमी फोनवरून घेतली होती आणि फोनवर जो हुद्द्याचा माणूस होता त्याने जे सांगितलं ते लिहिलं. आपल्या धंद्याचं हे असंच चालतं, म्हणून इतरांना नावं ठेवायच्या आधी हे सांगून टाकतो.

आता काही जण म्हणतील, बंदी घाला. चुकणारे चुकतात, बंदीच बरी. दर पावसाळ्यात हे येतंच. जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. मग जिल्ह्याजिल्ह्यांतून जमावबंदीचे आदेश निघाले. पूर्वी १४४ कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. धबधब्यावर जाऊ नका, गडावर जाऊ नका, सेल्फी काढू नका. आदेश काढायला एक कागद आणि एक सही लागते. काही ठिकाणी, काही दिवस, त्याची गरजही असते, नाही म्हणत नाही. पण सह्याद्रीला फाटक नाही. रतनवाडीला अडवलं तर माणूस साम्रदकडून चढतो. आणि बंदीच्या आदेशाने नेमकं कुणाचं बंद होतं तर ओसरीवर दीडशे-दोनशे रुपयांत जेवण घालणाऱ्या घराचं. चुकायचा तो चुकतोच, फक्त तो लपून गेलेला असल्यामुळे मदत मागायला उशीर करतो. दंड होईल म्हणून गप्प बसतो.

दुसरं मत असतं की सुटका हे तज्ज्ञांचं काम आहे, गावकऱ्यांनी जीव धोक्यात घालू नये. हे मत मला पटतं, पण घड्याळ पाहिल्यावर अडचण येते. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी तुकड्या आहेत, त्यांचं समन्वय केंद्र आहे, आणि ही मंडळी फार मोठं काम करतात, पदरमोड करून. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांची बस दरीत गेली, ३० माणसं गेली. ते मृतदेह दरीतून वर आणायला महाबळेश्वर, पोलादपूर भागातले ट्रेकर दोर लावून उतरले होते. त्यांच्याविषयी मला काडीचंही उणं बोलायचं नाही. पण पुण्याहून निघालेली तुकडी कुमशेतच्या माथ्यावर पोचायला किती तास लागतात? पाय मोडलेला माणूस, रक्त जाणारा माणूस, गारठणारा माणूस, त्याचे पहिले चार-सहा तास वाडीच्याच हातात असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता. यंत्रं खालीच राहिली, माणसं पायी चढली. डोंगरात असंच होतं.

आता त्या पहिल्या माणसाकडे काय असतं? विहिरीचा दोर. त्यांनी तो मला दाखवला. दोन ठिकाणी गाठी. याच दोरावर माझा ऐंशी किलोचा मित्र लटकला होता, हे दिवसाउजेडी पाहिल्यावर माझ्या पोटात गोळा आला. विमा? पुतण्या हसला. ‘आमाला काय झालं तर आमीच.’

इथं एक आठवण करून देतो. २०२२ च्या दहीहंडीला राज्य सरकारने गोविंदांसाठी विमा जाहीर केला. थर कोसळून मृत्यू झाला तर १० लाख. २०२३ ला ५० हजार गोविंदांचा विमा काढला, माणशी हप्ता ७५ रुपये. सरकारने भरला. चांगलं केलं, पडणारी पोरं गरिबाघरचीच असतात. माझं म्हणणं एवढंच की ७५ रुपयांत जर थरावर चढणाऱ्याला संरक्षण मिळतं, तर रात्री दुसऱ्याच्या पोराला आणायला कड्यावरून उतरणाऱ्याला का मिळू नये? आपल्या अख्ख्या तालुक्यातली अशी माणसं मोजली तर एका हंडीचे गोविंदा भरायचे नाहीत. सगळ्यांचा मिळून खर्च एखाद्या सत्काराच्या शाली-नारळाएवढा.

आणि यासाठी नवा कायदा वगैरे करायला नको. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ पासून आहे. २०२१ मध्ये ती वाढवून ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. प्रशिक्षण, साहित्याचं किट, विमा, सगळं त्यात आहे. मी त्या दोघांना विचारलं, हे नाव ऐकलंय का? नाही. पुराच्या गावात आपदा मित्र हवा हे सरकारला कळतं. कड्याखालच्या वाडीतही तो हवा, हे अजून कुणाच्या कागदावर आलेलं मला तरी दिसलं नाही.

पंचनाम्याचंही तसंच. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्यावर साक्षीची सक्ती करायची नाही, त्याला ठाण्यात ताटकळत ठेवायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मान्य केलं. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात तसं कलमही घातलं. हायवेवर मदत केली तर कायदा तुमच्या पाठीशी. दरीत उतरून मदत केली तर बाकड्यावर बसा. कारण दरीत मोटार नसते.

पैसा कुठून, हा प्रश्न येणार. अभयारण्यात शिरताना नाक्यावर पावती फाटते, माणशी वेगळी, गाडीची वेगळी. शनिवारी-रविवारी, काजव्यांच्या दिवसांत तर बघायलाच नको, गाड्यांची रांग लागते. त्या पावतीतला एक ठरावीक हिस्सा दोर, स्ट्रेचर, बॅटऱ्या, विमा आणि बुडालेल्या मजुरीसाठी त्या-त्या गावाच्या खात्यात गेला पाहिजे. साहसी पर्यटनाचं धोरण राज्याने २०२१ मध्ये आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची, सुरक्षेचे नियम पाळायचे असं आहे. मग जो आयोजक माणशी हजार-दीड हजार घेऊन चाळीस माणसं आणतो, त्यालाही यात वाटा द्यायला लावा.

इथं माझाच मित्र मला अडवतो. आयुष्य पतसंस्थेत गेलेलं, त्याला कागदावरचा पैसा कुठं मुरतो ते माहीत आहे. तो म्हणाला, ‘तू पैसा आणशील आणि मागून ठेकेदार येईल. स्थानिक बचाव पथक नावाची पाटी लागेल, अध्यक्ष कुणाचा तरी मेव्हणा असेल, आणि दोर तोच राहील, विहिरीचा.’ याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणतो की यादी तालुक्यात बसून करू नका, ग्रामसभेत करा. रात्री कोण बाहेर पडतं हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिथं मेव्हण्याचं नाव घुसवणं जरा अवघड जातं.

आणखी एक धोका आहे तो मला त्या ‘त्याचं नाय घेत’ने दाखवला. मदतीचं दरपत्रक झालं तर जे आज आपणहून होतं ते होईल का? रात्रभर विचार केला यावर. मला वाटतं मदतीचे पैसे देऊच नयेत. पण दोराचे द्यावेत, बुडालेल्या दिवसाचे द्यावेत, मोडलेल्या हाताचे द्यावेत. ते घ्यायला त्या माणसाला कमीपणा वाटणार नाही. जेवणाचे घेतलेच की त्यांनी, मोजून.

मित्राला शनिवारी सकाळी दुचाकीवर मधे बसवून गावाकडे रवाना केलं. जाताना म्हणाला, ‘तू जाऊन ये, नाहीतर आणखी तीस वर्षं ऐकवशील.’ मी पुतण्याबरोबर पाचनईपर्यंत चाललो. वाटेत त्याने तीन ठिकाणं दाखवली जिथं माणसं हमखास चुकतात. तिन्ही ठिकाणी एकेक दगडावर बाण रंगवला तरी पुरे. रंगाचा डबा कितीला येतो? तो म्हणाला, एकदा आम्ही चुन्याने काढले होते, पावसात धुवून गेले.

रात्री पाचनईत एका अंगणात विचारून तंबू टाकला, रविवारी उजाडता गडावर. कोकणकड्याच्या बाजूला तंबूंची वस्ती आवरायचं काम चाललेलं. पोरं उत्साही होती, चांगली होती, एका ग्रुपने तर स्वतःचा कचरा गोणीत भरून उचललाही. त्यांच्यातल्या पाच-सहा जणांना मी विचारलं, रात्री इथं काही झालं तर कुणाला हाक माराल? एक म्हणाला, १०० नंबर. एक म्हणाला, आमचा लीडर आहे ना. लीडर तेवीस वर्षांचा होता, पहिल्यांदा या गडावर आलेला. माझ्याबरोबर उभ्या असलेल्या पुतण्याकडे कुणी पाहिलंही नाही. मीही त्या शुक्रवारच्या आधी पाहिलं नसतं.

त्या काकांचं नाव या पोस्टमध्ये का नाही, असं विचाराल. मी त्यांना विचारलं होतं, नाव टाकू का, फोटो टाकू का. म्हणाले, ‘नको. पुन्हा सहीला बोलावतील.’

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्यात ठराव मांडायचा असं वाडीतल्या चार जणांशी बोलणं झालंय. आपदा मित्रमध्ये गावातल्या माणसांची निवड व्हावी, नाक्याच्या पावतीतला हिस्सा मिळावा, आणि मृतदेह काढणाऱ्यांचे जबाब गावात येऊन घ्यावेत, असे तीन विषय. मसुदा मी लिहितोय, मित्र तपासतोय, प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनात कुणी काम केलेलं असेल, किंवा आपल्या गावात असा ठराव कुणी करून घेतला असेल, तर त्याची नक्कल मला पाठवा. ग्रामसभेची नोटीस निघायच्या आत हवी आहे.